शर्टावरचा ठिपका

उस्माननं पिस्तुलाच्या मुठीभोवती जुना टॉवेल गुंडाळला, टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात ते धरलं आणि दांडा फिरवून घट्ट आवळलं. नळीखाली काडेपेटीएवढी काळी डबी बसवलेली होती. तिचं बटण दाबलं की समोर लाल ठिपका पडायचा. अर्बाबच्या, म्हणजे उस्मानच्या अरब मालकाच्या, भाच्यानं ती अमेरिकेहून आणून दिली होती.

अर्बाबनं सत्तरी ओलांडली होती. नळीवरची खाच आणि टोकाचा बारीक उंचवटा, माशी, एका रेषेत धरून नेम साधणं त्याच्या डोळ्यांना आता जमत नव्हतं. ठिपक्याचं तसं नव्हतं. ठिपका जिथं, गोळी तिथं. पण त्यासाठी ठिपका आधी नेमाशी जुळवायला हवा होता, आणि इतके बारीक स्क्रू फिरवणारा हात अर्बाबच्या माहितीत एकच होता. सीबच्या बाजारात अर्बाबच्याच नावावर असलेल्या दुकानात घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करणारा उस्मान.

म्हणून शुक्रवार. आठवड्याचा एकुलता एक सुट्टीचा दिवस. जुम्म्याची नमाज झाल्यावर जेवायला बसायचं सोडून बर्क्याला अर्बाबच्या खजुराच्या बागेपर्यंत गाडी हाणायची. बागेत दोनदा चोर शिरले होते, पाण्याचा पंप उचलून नेला होता, आणि म्हातारा तिथं एकटाच राहायचा. त्याची भीती खरी होती, हे उस्मान नाकारत नव्हता. पण आपल्या भीतीपायी दुसऱ्याचा शुक्रवार खाऊ नये, एवढं या माणसाच्या डोक्यात कधी शिरायचं?

त्याहून मोठा राग हमझावरून होता. हमझा म्हणजे उस्मानच्या बायकोचा, कुलसुमचा, धाकटा भाऊ. दापोलीहून त्याला उस्माननंच बोलावून घेतलं होतं. विमानतळावर त्याची बॅग उचलतानाच कुलसुमनं बजावलं होतं, "अम्मीनं तुमच्या भरवशावर पाठवलाय. त्याला काही झालं तर मी दुसऱ्या कुणाला नाही, तुम्हाला विचारीन." व्हिसा दुकानाचा होता. पण चौथ्याच दिवशी अर्बाबनं पोराला बागेत नेलं. सहा महिने झाले, बी.कॉम. झालेला हमझा बकऱ्यांपुढे गवत टाकत होता. आज काम असं चोख करायचं की अर्बाब खूश व्हायला हवा, आणि मग हमझाला दुकानात घ्यायचा विषय काढायचा, असं उस्मान घरूनच ठरवून आला होता.

"सीधा करो, उस्मान," अर्बाब खुर्चीत टेकून म्हणाला. "एकदम सीधा."

"अर्बाब, यह खाली है ना?"

"खाली, खाली." अर्बाबनं मुठीतून काढून ठेवलेली गोळ्यांची मॅगझीन टेबलावर होती. ती त्यानं बोटानं टकटकवून दाखवली.

उस्मानला तेवढं पुरलं. घड्याळातला सेल काढला की घड्याळ बंद. वीस वर्षांत त्याला दुसरं काही शिकावं लागलं नव्हतं.

बाहेरच्या उन्हात लाल ठिपका दिसतच नव्हता, म्हणून त्यांनी खजुराच्या लांबट गोदामात टेबल लावलं होतं. पण इथंही जमेना. समोरच्या भिंतीला गोणपाटाच्या थप्प्या लागलेल्या. त्यांवर ठिपका फुटायचा, विरायचा, मधेच गायब व्हायचा. उस्मान एक डोळा मिटून नळीवरून बघत होता, डबीच्या स्क्रूला लावलेली बारीक चावी पाव फेरा फिरवत होता, पुन्हा बघत होता. पाऊण तास गेला. घामानं चावी बोटांतून निसटायला लागली. अर्बाब दर दोन मिनिटांनी "यल्ला" म्हणत घाई करत होता.

तेवढ्यात पलीकडच्या दारातून हमझा चहा घेऊन आत आला. अंगात जुम्म्याला घातलेला पांढरा शर्ट होता. चालता चालता ठिपका त्याच्या छातीवर चढला आणि पहिल्यांदाच स्वच्छ, गोल, डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसला.

"हा!" अर्बाब मांडीवर थाप मारून हसला. "अब दिखता है!"

"हमझा, थांब," उस्मान म्हणाला. "तिथंच. हलू नकोस."

हमझा ट्रे धरून उभा राहिला. उस्माननं नळीवर डोळा लावला. खाच, माशी, ठिपका. ठिपका जरा डावीकडे होता. पाव फेरा. आता जरा खाली. "थोडा उजवीकडे हो. बस, बस." अर्धा फेरा. चावी आता बोटांतून निसटत नव्हती. ठिपका शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी, माशीच्या अगदी टोकावर येऊन बसला, आणि उस्मानला मनापासून बरं वाटलं. इतकं सुबक काम त्याच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

"खलास," तो म्हणाला.

हमझानं ट्रे आणून टेबलावर ठेवला. अर्बाबनं पिस्तूल व्हाइसमधून सोडवलं, कौतुकानं उलटंसुलटं करून पाहिलं, आणि वरचा भाग खटकन मागे ओढला. नळीत आधीच भरलेली एक जिवंत गोळी बाहेर उसळली. टेबलावर पडली, घरंगळत गेली आणि चहाच्या कपाला लागून थांबली.

कपातला चहा हिंदकळून थोडा टेबलावर सांडला, तेवढंच.

"सुभानल्ला," अर्बाब म्हणाला. मग तो हसला, मोठ्यानं, आणि त्यानं उस्मानच्या पाठीवर थाप मारली. "कुछ नहीं हुआ! अल्ला ने बचाया!"

उस्मानला ते पिस्तूल हिसकावून विहिरीत फेकायचं होतं. या हसणाऱ्या म्हाताऱ्याची गचांडी धरून त्याला विचारायचं होतं, तुझ्या मुलाला उभं करशील का तिथं? तो गर्रकन वळला आणि हमझावर ओरडला.

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये कडमडायला? चहाची काय एवढी घाई होती? अक्कल आहे की नाही?"

हमझा त्याच्याकडे बघत राहिला. उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं, ते उस्मानला दिसलं. पण त्यानं रुमालानं सांडलेला चहा पुसला.

अर्बाबचं हसू तोवर ओसरलं होतं. तो हमझाकडे न बघता म्हणाला, "लडके को ले जाओ. शनिवार से दुकान में. यहाँ दूसरा आदमी आएगा."

जे मागायला उस्मान आला होता, ते न मागताच हातात पडलं होतं.

"शुक्रन, अर्बाब," तो म्हणाला. तोंडातून गेल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली.

बर्क्याहून निघाल्यापासून उस्मान गाडीत बोलतच होता. माणूस आहे की कोण आहे हा? माणसाच्या छातीवर नेम, आणि वर दात काढतो! परक्याच्या पोराच्या जिवाची किंमत नाही यांना. आपण त्यांचे नोकर, म्हणून काय गोणपाट आहोत? माबेल्याच्या वळणावर त्यानं उगाचच एका पिकअपला हॉर्न मारला. हमझा बॅग मांडीवर घेऊन बाहेर बघत होता.

"दुलाभाई," घर जवळ आल्यावर तो म्हणाला, "आपाला सांगणार?"

"सांगणार म्हणजे? सांगणारच! दापोलीतही फोन करून सांगणार. कळू दे सगळ्यांना."

"बरं," हमझा म्हणाला.

कुलसुमनं बॅग पाहिली, शनिवारपासून दुकान हे ऐकलं, आणि आनंदानं भावाच्या पाठीवर दोन धपाटे घातले. सुरमईचं कालवण दुपारपासून झाकून ठेवलं होतं. तिनं भाकऱ्या टाकायला घेतल्या आणि ती दोघांना वाढता वाढता ऐकू लागली. उस्मान सांगत होता. चोर, भाचा, डबी, ठिपका. त्याचा आवाज चढत गेला. हमझा चहा घेऊन आला, अर्बाब मांडीवर थाप मारून हसला, ठिपका छातीवर, आणि शेवटी ती गोळी. कुलसुमची भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"या अल्ला," ती म्हणाली. तिनं हमझाच्या शर्टाला हात लावून पाहिला. मग ती उस्मानकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता.

"आणि तुम्ही कुठे होतात?"

उस्मानचा घास हातातच राहिला. एवढं सगळं सांगितलं होतं त्यानं, आणि त्यात तो स्वतः कुठंच नव्हता. त्यानं तोंड उघडलं.

"ते बाहेर होते, आपा," हमझा म्हणाला. तो उस्मानकडे बघत होता, थेट. त्या नजरेत माफी नव्हती. "स्क्रूची चावी राहिली होती गाडीत. ती आणायला गेले होते."

तव्यावर धूर व्हायला लागला होता. कुलसुमनं करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली.

"हो," उस्मान म्हणाला. "गाडीत होतो."

"तेच बरं झालं," कुलसुम पदरानं डोळे पुसत म्हणाली. "तिथं असतात, तर तुम्ही काही त्या म्हाताऱ्याला सोडलं नसतं." आणि तिनं पातेल्यातली सगळ्यात मोठी तुकडी त्याच्या ताटात वाढली.