टेबलावर लावलेला दिवा

गल्लीत त्याला सगळे काटा म्हणत. तराजू दुरुस्त करायचा धंदा, आणि स्वभावही तसाच, रतीभर इकडचं तिकडे खपायचं नाही. धर्माचे नियम तर तोंडपाठ. हनुकाचे, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाचे, आठ दिवस आले की त्याला चेव चढायचा. मेणबत्त्या उजवीकडून मांडत यायच्या, पेटवायच्या मात्र डावीकडून, त्या दिवशीच्या नव्या मेणबत्तीपासून. दर संध्याकाळी एक वाढवायची, कारण पवित्र गोष्टीत माणसानं चढत जायचं, उतरायचं नाही. मेणबत्त्यांचा हा दिवा खिडकीत ठेवायचा, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला एका दिवसाचं तेल देवळात आठ दिवस जळल्याच्या चमत्काराची आठवण होते. त्या उजेडात शिवायचं नाही, वाचायचं नाही, नुसतं बघायचं. बायको चाळीस वर्षं हे ऐकत होती. ऐकून ऐकून तिचे कान किटले, केस पिकले, आणि एकुलती एक लेक घर सोडून गेली.

गेली म्हणजे काट्याने घालवली. तिने आपल्या पसंतीने लग्न केलं, आणि जावई देवाधर्माचं फारसं करणारा नव्हता. तेव्हापासून सात वर्षं घरात तिचं नाव घ्यायची सोय नव्हती. नात झाल्याचंसुद्धा आईला तळमजल्यावरच्या शिंपिणीकडून कळलं.

या वेळी निरोपही शिंपिणीनेच आणला. लेक, जावई आणि नात कायमची परदेशी चालली होती. हनुकाची आठवी संध्याकाळ झाली की दुसऱ्या सकाळी निघायचं. त्याआधी लेकीला एकदा आईला भेटायचं होतं.

आई रोज मेणबत्त्या लागल्या की विषय काढायची आणि काटा रोज "नाही" म्हणायचा. सातव्या संध्याकाळी मात्र विरघळला, की कंटाळला, देव जाणे. म्हणाला, "येऊ दे. समोरच्या बंद दुकानापाशी थांबू दे. खिडकीत दिवा लागला की वर यायचं. नाही लागला तर समजायचं, माझं मन फिरलं. आणि उद्या दिवा तूच लाव."

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. नवरा इतका चांगला वागला की बाईने सावध व्हायला हवं होतं, पण आनंदात कोणाला सुचतं!

आठव्या संध्याकाळी अंधार पडता पडता ती खिडकीशी गेली. खाली दुकानाच्या फळीपाशी लेक उभी होती, हाताशी पोर. खिडकीच्या फटीतून वारा येत होता, त्याने दोन काड्या विझवल्या. तिसरी घाईत तिच्याच हातून मोडली. मग तिने पितळी दिवा उचलला, टेबलावर आणला, आधी उंचावरची शमाश, म्हणजे बाकीच्यांना पेटवणारी नववी मेणबत्ती लावली आणि तिच्या ज्योतीने आठही पेटवल्या. जळता दिवा दोन्ही हातांनी सांभाळत खिडकीत नेऊन ठेवला.

खाली लेकीने वर पाहिलं. पोरीला कडेवर घेतलं, खिडकीकडे बोट दाखवलं आणि रस्ता ओलांडायला निघाली.

"कुठे पेटवलास?" काटा हात पुसत आतून आला होता.

"इथेच. खिडकीत."

काट्याने टेबलाकडे पाहिलं. टेबलक्लॉथवर मेणाचे तीन थेंब होते, अजून मऊ. त्याने एक नखाने उचकटला आणि तिच्यासमोर धरला.

"दिवा जिथे राहायचा तिथेच लावायचा. दुसरीकडे लावून आणून ठेवलेला चालत नाही. चाळीस वर्षं काय शिकलीस? वर खोटंही बोलतेस?"

"चुकलं माझं. अहो, ती निघाली आहे. जिना चढेपर्यंत राहू द्या. मग परत लावा, हवं तर शंभरदा लावा."

"विझवल्याशिवाय परत कसा लावणार?"

त्याने मेणबत्त्या विझवायची पितळी टोपी घेतली. घाई नाही, आदळआपट नाही. एक विझली. दुसरी विझली. लेक रस्त्याच्या मधोमध थबकली.

"तिला वाटेल, तुम्हीच नको म्हणताय!"

"मला माहिती आहे तिला काय वाटेल," काटा म्हणाला आणि पाचवी विझवली. "दिवा लागला तर वर यायचं, असं ठरलं होतं. हा दिवा लागलेलाच नाही. मी शब्द मोडलेला नाही."

शमाशसकट सगळ्या विझल्या. थंडीसाठी खिळे ठोकून बंद केलेल्या खिडकीच्या काचेवर आईने थापा मारल्या. दिवा उठून दिसावा म्हणून खोलीतली बत्ती तिनेच घालवली होती, त्यामुळे अंधारात ती खालून दिसेना. लेक क्षणभर वर बघत राहिली. मग तिने पोरीचं डोकं खांद्यावर दाबलं आणि पाठ फिरवली.

आई जिन्याकडे धावली. तीन मजले, गुडघ्यांचं दुखणं, पायात काही नाही. पहिल्या वळणावर तिने लेकीला हाक मारली, दुसऱ्या वळणावर पुन्हा मारली. शिंपिणीने दार उघडून "काय झालं हो काकू?" विचारलं, तिला उत्तर द्यायलाही ती थांबली नाही. मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या घालत होती, आणि त्याहून जास्त स्वतःच्या हातांना.

रस्ता रिकामा होता. ती कोपऱ्यापर्यंत गेली, पलीकडच्या वळणापर्यंत गेली. दोन अनोळखी माणसांना विचारलं, एक बाई, कडेवर मुलगी? दोघांनी मान हलवली. लेकीचा पत्ता तिच्याकडे कधी नव्हताच, आणि शिंपिणीकडे होता तो कालपर्यंतचा, भाड्याची जागा सोडायच्या आधीचा.

थंडीने पाय बधिर झाले तेव्हा ती परत आली आणि लेक उभी होती तिथेच, दुकानाच्या फळीला टेकून थांबली. वर पाहिलं. काट्याने नव्या मेणबत्त्या मांडल्या होत्या, उजवीकडून, आणि डावीकडून एकेक पेटवत होता, खिडकीतच, जागच्या जागी. ओठ प्रार्थनेत हलत होते. आठही लागल्या. एकही वेडीवाकडी नाही, एकही तडतडत नाही.

दिवा बरोबर लागला होता. आता वर यायला कोणालाही हरकत नव्हती.