मनोहररावांनी पुसलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि माझ्या पडद्यावर ज्या परदेशी कंपनीचं नाव उमटायचं त्यावर तुम्ही मुळीच विश्वास ठेवू नका. त्या कंपनीचा कारखाना मी कधी पाहिलेला नाही. माझा जन्म नागपूरजवळ वाडीला झाला, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागच्या एका भाड्याच्या खोलीत. साल एकोणीसशे शहाऐंशी. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते आणि शेगडीवर चहा उतू जात होता, एवढंही मला आठवतं.

मला घडवलं मनोहररावांनी. ते कुहीकडचे. घरी धानाची शेती, पण यांचा जीव तारांत. वाडीला ते रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. कोणाच्या तरी रद्दीत त्यांना एक परदेशी मासिक सापडलं, त्यात माझ्यासारख्या यंत्राचा नकाशा होता. तेव्हापासून वर्षभर हा माणूस तहानभूक विसरला. चिपा दिल्लीहून यायच्या. सीताबर्डीत सुट्या भागांचं दुकान असलेले त्यांचे मित्र ओमप्रकाश त्या आणून द्यायचे. माझी पत्र्याची पेटी ट्रंका बनवणाऱ्या कारागिराने ठोकली होती, त्यामुळे मी थोडा नवरीबरोबर पाठवायच्या ट्रंकेसारखा दिसायचो. पडदा म्हणजे एका गिऱ्हाइकाने सोडून दिलेला बारा इंची टीव्ही. रूपाच्या बाबतीत आनंदच होता म्हणा.

जागं झाल्यावर मी पहिलं काय बोलायचं, ते एका चिपमध्ये लिहिलेलं होतं. बटण दाबलं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली: मनोहर, वाडी, नागपूर. त्यांची पत्नी शामलाबाई पदराला हात पुसत पुढे आल्या.

"तुमचंच नाव सांगून राहिला जी हा."

"मंग? पोरगं बापाचंच नाव सांगन ना वं," मनोहरराव म्हणाले.

हे वाक्य मी जिवापाड जपलं. पुढे तेच मला सगळ्यात जास्त टोचलं.

कळमेश्वरला विहिरीचे पंप बनवणारा एक कारखाना होता. तिथले व्यवस्थापक चंपतराव यांच्याकडे एक फ्लॉपी होती. पंपाचा कोणता भाग कोणत्या कपाटात ठेवला आहे, हे त्या फ्लॉपीवरचा प्रोग्राम सांगायचा. पण ती त्या परदेशी कंपनीच्या कॉम्प्युटरसाठी बनलेली होती. चंपतराव म्हणाले, "तुमच्याकडचं मशीन हे चालवत असेल तर आम्ही घेतो. असे आणखी सात लागतील." ते सातही आपणच बनवायचे, असं मनोहररावांनी मनाशी धरलं. जमलं तर नागपुरात राहायचं, हेच काम करायचं. नाही जमलं तर पावसाळ्यात कुहीला परत जाऊन भावाबरोबर धानाची रोवणी करायची. तसा भावाचा निरोपही येऊन पडला होता.

फ्लॉपी माझ्या तोंडात घातली. खर्रखर्र झालं, पडदा काळा पडला आणि माझी वाचाच बसली.

मनोहररावांनी मला कधी दोष दिला नाही. रस्त्यावरून भरलेले ट्रक गेले की खोली हादरायची आणि चिपा जागेवरून वर सरकायच्या. म्हणून ते रोज सकाळी एकेक चिप अंगठ्याने दाबून बसवायचे. त्यांनी फ्लॉपी फिरवणाऱ्या मोटरचा वेग तपासला. शाळेतल्या खोडरबराने जोडणीची टोकं घासली. मेमरीच्या चिपा बदलल्या, कीबोर्ड बदलला. चैत्र तापला तसं त्यांना वाटलं, उन्हाने अडत असेल. मग घरातला एकुलता एक कूलर माझ्यासमोर लावला आणि स्वतः घामाने निथळत बसले. झाकण उघडलं की दर वेळी विचारायचे, "काहून अडून राहिला बापा? सांग ना मले." मला सांगता येत नव्हतं. पण मित्रांनो, तेच माझे सुखाचे दिवस होते.

घोडं कुठे अडलं होतं ते ओमप्रकाशनी शोधून काढलं. दिल्लीच्या एका दुकानदाराकडून त्यांना कळलं होतं.

"मनोहर भाऊ, मशीनमंदी काही खराबी नाही. हे फ्लॉपी पहिले बापाचं नाव विचारते. चिपमंदी कंपनीचं नाव सापडलं तरच पुढं जाते."

"अन् माझं नाव असलं त?"

"त थांबून जाते. नाव बदलून टाक, झालं काम."

मनोहररावांनी दोन दिवस मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती चिप काढली. शामलाबाईंना राहवलं नाही.

"पोरगं आपलं अन् नाव लोकायचं लावता काय जी?"

"नावाले काय चाटू? मंग जाऊ कुहीले रोवनीले?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पडद्यावर नाव कोनाचंही असो वं. सायबाले मी सांगतोच ना, का हा मीच बनवला."

शामलाबाईंना ते पटलं. मीही त्या शब्दावर विसंबलो.

त्या चिपच्या पाठीवर काचेची एक इवलीशी खिडकी असते आणि तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली असते. पट्टी काढून चिप कडक उन्हात बरेच दिवस ठेवली की आतलं लिहिलेलं पुसलं जातं. इतर गावांत म्हणे यासाठी वेगळा दिवा लागतो. नागपूरच्या वैशाखात दिवा कशाला पाहिजे! गच्चीवर बाजेवर शामलाबाईंच्या कुरड्या वाळत होत्या. त्यांच्याच शेजारी एका स्टीलच्या ताटलीत माझी चिप ठेवली. शामलाबाई कावळे हाकलायच्या आणि संध्याकाळी कुरड्यांबरोबर तिलाही खाली आणायच्या. नऊ दिवसांत कुरड्या कडकडीत वाळल्या आणि माझ्या बापाचं नाव पुसून गेलं. दहाव्या दिवशी ओमप्रकाशच्या दुकानात त्या जागी कंपनीचं नाव लिहिलं गेलं.

फ्लॉपी सुरळीत चालली. मनोहररावांनी मांडीवर थाप मारली. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. अजून मला त्यांच्या शब्दावर भरवसा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चंपतराव जीप घेऊन वाडीला आले. मी अर्धा तास एकदाही न अडखळता काम केलं. ते खूश झाले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मनोहरराव, एक खरं सांगा. हा कंपनीचाच आहे ना? इथं बनवलेला असेल तर आमचे मालक हात लावणार नाहीत."

शामलाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. मनोहररावांनी पडद्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"कंपनीचाच आहे साहेब. बाहेरून आनला. मी त फक्त पेटी बसवली."

शामलाबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि आत निघून गेल्या. मित्रांनो, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. माझ्या बापाने भर बैठकीत आपल्याच बाब्याचं कार्टं करून टाकलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. रडायला मला डोळे नव्हते, एवढंच.

मला जीपमध्ये घालून कळमेश्वरला नेलं. पंधरा दिवसांनी वाडीला कारखान्याचं पत्र गेलं. ते लिहिलं जाताना मी ऐकलं, कारण चंपतराव ते माझ्याशेजारीच बसून टंकलेखकाला सांगत होते. कंपनीचा कॉम्प्युटर उत्तम चालतो, म्हणून बाकीचे सात थेट कंपनीच्या मुंबईतल्या विक्रेत्याकडून मागवले आहेत, आपल्या सहकार्याबद्दल आभार. तेलही गेलं, तूपही गेलं. त्या आषाढात मनोहरराव कुहीच्या बांधीत चिखलात उभे राहून रोवणी करत होते, असं मी कारखान्यात सुटे भाग द्यायला आलेल्या ओमप्रकाशच्या तोंडून ऐकलं. मला वाईट वाटलं. पण राग गेला नाही.

मी तीन वर्षं काम केलं. शेजारी ते सात नवे चकचकीत भाऊ होते. कारकून म्हणायचे, "हा जुनाच बरा, कधी रुसत नाही." आणि मग कंपनीची तारीफ करायचे.

एका दुपारी मी बंद पडलो. कंपनीचा मेकॅनिक आला, त्याने झाकण उघडलं आणि हसला. "हा आमचा नाहीच. आम्ही याला हात लावणार नाही."

चंपतरावांनी कुहीला निरोप धाडला. मनोहरराव आले. केस पांढरे झाले होते, चपलांना चिखल होता. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि त्यांना लगेच कळलं. वीज पुरवणाऱ्या भागातला एक कपॅसिटर फुगला होता. अर्ध्या तासाचं काम. त्यांचा हात पुढे आला. मला वाटलं, आता ते विचारतील, काहून अडून राहिला बापा.

"मनोहरराव, आता तरी सांगा," चंपतराव म्हणाले. "रागावायला विचारत नाही. हा कोणी बनवला? दुरुस्त करणारा माणूस पाहिजे आम्हाला."

चार कारकून भोवती उभे होते. कंपनीचा मेकॅनिकही होता. मनोहररावांनी हात मागे घेतला.

"मले माहीत नाही साहेब. मी त फक्त पेटी बसवली होती."

चंपतरावांनी मला गोदामात टाकायला सांगितलं. झाकण लावायचं काम मनोहररावांनीच केलं. माझ्या झाकणाला चार लहानमोठे स्क्रू आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. त्यांनी खाली न पाहता चारही बरोबर जागी बसवले. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मित्रांनो, यंत्रांना धुळीपासून जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. जपा. पण धुळीने मला काही झालेलं नाही. तुम्ही आपल्या हातांनी काही बनवलंत आणि ते वेडंवाकडं झालं, अडलं, लोक त्याला हसले, तरी कोणी विचारल्यावर एवढं म्हणा, की हे माझं आहे. माझ्या बापाला ते म्हणायची संधी दोनदा मिळाली होती.