उघड्या पत्र्यावरचं कुंकू

आमच्या विहीणबाईंना, चांगुणाबाईंना, एक खोड आहे. कुणाच्याही घरात शिरल्या की यजमानीण आपणच. माझ्याच डब्यांची झाकणं उघडून वास घेतील आणि वर म्हणतील, मसाला यंदा नरम झालाय. मी सोडून देते. लेक दिलीय त्यांनी, आणि लेक गुणाची आहे. पण दसऱ्याला त्यांनी जे केलं ते सोडून देण्यासारखं नव्हतं.

गाडी आमच्या ह्यांची. वाशी मार्केटात पाठीवर कांद्याच्या गोण्या वाहून सयाजीरावांनी स्वतःचा गाळा घेतला, आणि गाळ्याच्याही आधी फियाट घेतली. असा हौशी माणूस. ते गेले आणि गाडी ताडपत्रीखाली सडत पडली. माझा अंकुश कळंबोलीला गॅरेज चालवतो. तो आणि सूनबाई नंदिनी, दोघांनी ती उभी करायचा चंग बांधला. मागच्या खेपेला सगळा रंग खरवडून पत्रा उघडा केला आणि तसाच टाकून एका लग्नाला साताऱ्याला गेले. परत येतात तो पत्र्यावर तांबडी लव. खाडीची हवा आमची, ती काय कुणासाठी थांबते? तेव्हाच मी सांगून टाकलं, आणखी एकदा गंजली तर भंगारवाल्याला बोलावीन. ह्यांच्या गाडीची विटंबना मला बघवत नाही. आणि माझा शब्द मागं जात नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

म्हणून दसऱ्याची सुट्टी धरली. सकाळपासून गॅरेजात नवराबायको पत्र्याला भिडली. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, कोपऱ्याकोपऱ्यात गंजाचं औषध, मग ते काढून सुकवणं, शेवटी थिनरचं फडकं. दुपारी पत्रा असा निघाला की नवं पातेलं झक मारेल. मलाच राहवेना. मी हात पुढं केला तर सूनबाईनं हातमोजे पुढं केले. बोटाचा घाम लागला तरी तिथं गंज धरतो, म्हणाली. सुनेनं सासूला हातमोजे घालायला लावले, आणि मी घातले. एवढी मी त्या गाडीसाठी उतावीळ झाले होते. रंगाआधी मारायचा प्रायमर कालवून तयार, कॉम्प्रेसर धडधडतोय, अंकुशनं फवाऱ्याची गन हातात घेतलेली.

तेवढ्यात सूनबाईच्या माहेराहून, द्रोणागिरीहून, विहीणबाई हजर. हातात ताट, झेंडूचा हार, नारळ. कुणी काही बोलायच्या आत ओल्या कुंकवात बोट बुडवून बॉनेटवर हे एवढं स्वस्तिक काढून मोकळ्या. वर बंपरवर फोडायला नारळ उगारला. मी त्यांचं मनगट धरलं.

"सोडा," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला वाहन बिनपूजेचं ठेवून अपशकुन करताय?"

नंदिनीचे डोळे भरले. आईला बोलावं तरी पंचाईत, गप्प बसावं तरी गाडी जातेय. आणि खरं सांगते, पूजेशिवाय दसरा मलाही गोड लागत नाही. पण नारळाचं पाणी त्या पत्र्यावर सांडलं असतं तर सांधीत मुरून रंगाखाली गंजच वाढला असता. मग भंगारवाल्याचा माझा शब्द होताच.

मला आमचे हे आठवले. दसऱ्याला ते कधी गोणीची पूजा करायचे नाहीत, गोणी उचलायच्या लोखंडी आकड्याची करायचे.

"विहीणबाई, आज हत्यारं पुजायची," मी म्हटलं. "ही अजून गाडी नाही, नुसता पत्रा आहे."

त्या काही म्हणायच्या आत मी पाट मांडला. त्यावर तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पत्रा ठोकायची हातोडी. गनच्या मुठीला कुंकू, कॉम्प्रेसरला झेंडूचा हार. नारळ बाहेर, रस्त्याकडच्या दगडावर फोडला. विहीणबाईंना आरती म्हणायला सांगितली, म्हणून त्या जरा निवळल्या.

राहिलं स्वस्तिक. अंकुशचा हात पुढं जाईना. सणाचं कुंकू, तेही बापाच्या गाडीवरचं, पुसायचं कसं? मी माझे हातमोजे काढून विहीणबाईंना दिले. कुंकू पुसायचं नाही, पत्रा घासायचा, म्हटलं, आणि काढलंय त्यानंच घासायचं. तोंड फुगवून बाई वाकल्या. पण काय घासलं म्हणता. जागा लखलखली, तर म्हणतात आणखी एक पेपर द्या, गाडीच्या दिव्याच्या खाचेत अजून गंजाचं तांबडं दिसतंय. खरंच होतं. आमच्या एकाच्याही नजरेला आलं नव्हतं. माझ्या डब्यात खुपसतात तेच नाक इथं कामाला आलं.

नंदिनीनं पुन्हा थिनर फिरवला आणि अंकुशनं गन दाबली. करडा फवारा टपावरून, दारांवरून, बॉनेटवरून सरसर उतरत गेला. पत्र्यानं अंगभर पांघरूण घेतलं. ऊन अजून दारात होतं. हे पहिल्यांदा गाडी घेऊन दारात आले, तो दिवस मला आठवला. नंदिनी हसत होती आणि रडत होती. विहीणबाई माझ्याकडं बघत होत्या, मी आता काय बोलते म्हणून.

"तुमचं वागणं मला आजही पटलेलं नाही," मी त्यांना म्हटलं. "पण घासता झकास. रंग झाला की बॉनेटवर स्वस्तिक तुम्हीच काढायचं, आणि पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर बसायचं. फक्त माझ्या मसाल्याला पुन्हा नरम म्हणालात, तर डिकीत बसवीन."