शकुननं गिळलेली बुगडी

वलगावच्या नत्थुजी माळ्याच्या गोवर्धननं करदोट्याचं चांदीचं घुंगरू गिळलं आणि घरात जणू राजाच अवतरला. पिकली केळी त्याला, मऊ खिचडी त्याला, आईची मांडी त्याला. तीन वर्षांचं ते कार्टं परसाकडे जाऊन आलं, की त्याची आई आशाबाई काडी घेऊन मागोमाग तपासायला हजर. विहिरीवरच्या बायाही रोज विचारायच्या, "निंघालं काय वं?" त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीच्या, शकुनच्या, अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एवढी चौकशी तिच्या जन्माच्या वेळीसुद्धा झाली नसेल!

अशातच तिचं पोट दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली.

"माय, पोट लय दुखून राहिलं."

"भावाचं पाहून सुचून राहिलं तुले! जाय, मेथी खुड." आशाबाईनं पाठ फिरवली.

शकुननं मेथी खुडली. मग कानातली बुगडी काढून मिरच्यांच्या वाफ्यात पुरली आणि आईला येऊन म्हणाली, "मी बुगडी गिळली."

काय सांगावं! आईनं भावाला खाली उतरवून तिला मांडीवर घेतलं. केळी आली, एरंडेल आलं, विहिरीवरच्या बायाही आल्या. गोवर्धननं भोकाड पसरलं. पोटात कळा येत होत्या, तरी शकुनला स्वर्ग दोन बोटं उरला.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, उजवा पाय सरळ होईना. नत्थुजीनं बैलबंडीतली भाजी उतरवून तिच्यात कडबा पसरला आणि सगळ्यांना घेऊन अमरावतीचा दवाखाना गाठला.

"बुगडी गिळली हिनं," आशाबाई म्हणाली. "एरंडेल पाजून राहिलो, निंघन."

"एरंडेल बंद!" डॉक्टर कडाडले. पोट चाचपून ते शकुनकडे वळले. "पोरी, खरं सांग. बुगडी असेल तर थोडी वाट पाहू. नसेल तर आतड्याचं टोक सुजलंय, आत्ताच कापावं लागेल."

आईचा हात शकुनच्या कपाळावर होता. खरं बोललं की तो हात गोवर्धनकडे जाणार. बापाच्या खांद्यावरून तो "माय, माय" करतच होता. मेला! तेवढ्यात अशी कळ आली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"नाई गिळली," ती म्हणाली. "पुरून ठेवली."

डॉक्टरांनी लगेच माणसं बोलावली. अजून वेळ गेली नव्हती.

आशाबाई रडकुंडीला आली. "मंग खोटं काहून बोलली वं?"

"पोट दुखते, हे खरंच सांगतलं होतं ना," शकुन म्हणाली. "तवा तू मांडीवर घेतलं काय मले?"