गोठ्यातला टप

धुळ्याच्या डॉक्टरने आमच्या ह्यांना मूळव्याधीवर औषध सांगितलं ते पाण्याचं. रुंद टपात कोमट पाणी घ्यायचं, कंबर बुडेल असं बसायचं, सकाळ-संध्याकाळ, पाणी निवेपर्यंत. मग पुसून कोरडं व्हायचं. आग कमी होते, सूज उतरते, म्हणाला. हे मान खाली घालून ऐकत होते, चोरी पकडली गेल्यासारखे. दोन वर्षं रक्त पडत होतं आणि मला पत्ता नव्हता. स्वतःचं धोतर स्वतः धुवायला लागले, तेव्हा मी मेली कौतुक करत होते!

"कोनले सांगू नको," एवढंच बोलले.

टप ठेवला गोठ्यात. हे टपात, आणि मी दाराशी पाठ करून उभी, कोणी आलं तर खोकायला. पाणी आडातून मीच ओढायचं, मीच तापवायचं, मीच ओतायचं. दुखणं त्यांचं आणि कंबर माझी मोडायची. पण फरक पडला, खरं सांगते. रक्त थांबलं. न कण्हता झोपायला लागले. लघवीसुद्धा मोकळी होते, म्हणाले, लाजत लाजत. इतक्या वर्षांच्या संसारात असलं काही माझ्याशी बोलायची ती पहिलीच वेळ.

अशात आमच्या कमलला बघायला शिरपूरचे पाहुणे यायचे ठरले. याआधी दोन स्थळं हातची गेली होती. हे तिसरंही गेलं असतं तर पोरीला घरात कोंडून घ्यावंसं वाटलं असतं, आणि मलाही. पाहुण्यांसाठी खापराचे मांडे. चुलीवर एकदा खापर चढलं की दुसरं काही चढत नाही. दोन दिवस त्याच गडबडीत गेले. टप कोरडा राहिला आणि ह्यांचं दुखणं पुन्हा उसळलं.

पाहुणे घोंगडीवर बसले. आमच्यात मुलीचा बाप समोर बसल्याशिवाय बोलणी सुरू होत नाहीत. हे आपले खांबाला टेकून उभे. पाणी द्या, पान द्या, पण बसायचं नाव नाही. मुलाचा बाप अभिमन पाटील, मोठा ताठ माणूस. तो बघत राहिला आणि त्याचं डोकं फिरलं.

"पोरीना बाप बठत नही, मंग आम्ही कोनसंगे बोलूत? मनमा नसी तर सांगी द्या." त्याने टोपी उचलली.

"बठा भाऊ, बठा," हे म्हणाले. "हाई दखा, मी बठनू."

आणि बसले. देणं-घेणं, मानपान, जेवणावळी, किती वेळ चाललं कोण जाणे. हे हसून मान डोलवत होते, कपाळावर घाम. मी दाराआडून बघत होते आणि मला रडू येत होतं. शेवटी पाहुणे उठले. त्यांना वेशीपर्यंत पोचवायला यजमानाने उठायचं असतं. हे उठेनात. पांढरं धोतर, मागे काय झालं असेल ते मला कळलं.

अभिमन पाटलाचा चेहरा पुन्हा कडक झाला. "पुनाभाऊ, आमले पोचाडाना बी तरास?"

माझा धीर सुटला. लाज, रीत, सगळंच ओझं झालं होतं. डोक्यावरचा पदर सावरला आणि पुरुषांत जाऊन उभी राहिले.

"भाऊ, त्यास्ले मूळव्याध शे. तुम्हनासाठे बठनात, आते उठता येत नही. दोन दिन व्हयनात, गरम पानीमा बठाडं नही मी त्यास्ले."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. वाटलं, संपलं, पोरीचं लग्न मीच मोडलं.

अभिमन पाटलाने बरोबरच्यांना हाताने पुढे जायची खूण केली. ते गेल्यावर खांद्यावरचं उपरणं काढलं, ह्यांच्या कमरेला गुंडाळलं आणि काखेत हात घालून त्यांना उभं केलं. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाला,

"शिरपूरपासून यष्टीमा उभाच उनू मी. ते गरम पानी माले बी मिळी का, विहीनबाई?"