पार्वतीबाईंची साक्ष

मी एक जुना यंत्रमाग आहे. भिवंडीजवळच्या कोन गावात, एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. मित्रांनो, आज मला हात लावाल तर बोटांना गंज लागेल. पण माझेही दिवस होते.

ओतशाळेत माझा सांगाडा तयार झाला, धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात मी जोडला गेलो. काळूराम पाटलांनी मला टेम्पोतून घरी आणलं, नारळ फोडला. त्यांचा थोरला मुलगा कुणाल मला चालवायचा. तो अपघातात गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माग विकला जाणार. पण त्याची बायको मृणाली एका सकाळी पदर खोचून माझ्यापुढं उभी राहिली. आधी तिचे धागे तुटायचे, आडवा धागा नेणारा धोटा अडकायचा. मग असा हात बसला, की व्यापारी माझं कापड उजेडात धरून मान डोलवायचे. सासू पार्वतीबाई शेजारी कांड्यांवर सूत भरत बसायच्या. धाकटा दीर मितेश कॉलेजातून आला, की "वयनी, भूक लागली" म्हणत आधी शेडमध्येच डोकावायचा.

काळूराम थकले, तेव्हा त्यांनी मृत्युपत्र केलं. शेतजमीन मितेशला, शेड आणि मी मृणालीला. साक्षीदार म्हणून शेजारच्या दौलतभाऊंनी आणि पार्वतीबाईंनी सह्या केल्या. पुढं काळूराम गेले, मागोमाग दौलतभाऊही.

मृत्युपत्र कोर्टाकडून सिद्ध करून घ्यावं म्हणून मृणालीनं भिवंडीत अर्ज केला. मितेशला शेडच्या जागी गोदाम बांधायचं होतं. त्यानं हरकत घेतली. "ही सही बाबांची न्हाय. वयनीनं करून घेतलीय."

वाद नसता तर काम भिवंडीतच झालं असतं. वाद उभा राहिल्यावर तिथल्या कोर्टाला अधिकार उरला नाही. अर्ज परत मिळाला, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात पुन्हा दाखल झाला. निकाल लागेपर्यंत शेडमध्ये काही बदल करायचा नाही आणि मला चालवायचंही नाही, असा हुकूम झाला. माझा पट्टा उतरवताना मृणाली रडली नाही. माझ्यावर जुनी चादर टाकून ती निघून गेली. मितेशही कल्याणला राहायला गेला.

पार्वतीबाई मात्र सवयीनं माझ्याशेजारी येऊन बसायच्या. साक्षीच्या तारखेच्या आदल्या दिवशी मृणाली त्यांना म्हणाली, "आय, नको जाऊस. मी अर्ज मागं घेते."

"सही माझ्यासमोर झाली. दुसरा साक्षीदार हाय कुठं आता?" पार्वतीबाई म्हणाल्या.

त्या गेल्या. ठाण्याला मितेशच्या वकिलानं जागा वडिलोपार्जित असल्याचं सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, मालकीचा वाद इथं चालत नाही. मृत्युपत्र खरं की खोटं, एवढंच बघायचं. पार्वतीबाईंनी सही ओळखली. समोर मितेश होता. बाहेर आल्यावर त्यांनी त्याचा हात धरला, तो त्यानं सोडवून घेतला. हे सगळं मृणालीनं त्या संध्याकाळी शेडमध्ये शेजारणीला सांगितलं.

पुढं पार्वतीबाईंनी अंथरूण धरलं. मृणालीनं मितेशला कितीदा फोन केले. त्यानं उचलले नाहीत. तो आला, तेव्हा आईला स्मशानात न्यायची तयारी झाली होती.

दिवसकार्य आटोपल्यावर तो शेडच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

"वयनी, आय काय बोलली?"

मृणालीनं डोळे पुसले. "म्हणाली, मितेशला सांग, मी त्याच्या विरुद्ध न्हाय बोलले. मी खरा बोलले, एवढाच."

मितेश खाली बसला. मोठ्या माणसाचं इतकं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानं हरकत मागं घेतली. मृत्युपत्र सिद्ध झालं. मृणालीनं मला सुरू करून पाहिलं. धागे कुजले होते, दांडा वाकला होता. मेकॅनिकनं मान हलवली. तरी तिनं मला भंगारात दिलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला वेळच्या वेळी तेल घाला. आणि घरात कुणाशी अबोला असेल, तर त्याचा फोन आज उचला. पार्वतीबाई शेवटपर्यंत दाराकडं बघत होत्या.