एलखालचा लाल

“अजून एक लंगोट दे,” बाबा म्हणाले. मान वर केली नाही, हात तेवढा मागे केला, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरसारखा.

मी दोरीवरचा एक काढून त्यांच्या हातावर ठेवला. माझ्या आठ महिन्यांच्या लेकीचे जुने लंगोट, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. रंगवाल्याने बजावलं होतं, मास्तर, नवं फडकं नको, ओरखडे उठतात, घरातलं सगळ्यात जुनं आणि मऊ सुती कापड घ्या. तिला ते कधीच अपुरे पडायला लागले होते, टाकवत नव्हते म्हणून मी ठेवून दिले होते.

बाबांनी फडक्यावर बोटभर पेस्ट घेतली आणि बॉनेटवर वीतभर जागा धरून घासायला लागले. पुढे-मागे, पुढे-मागे, एका रेषेत. मग फडकं उलटून मला दाखवलं. ते लालसर झालं होतं.

“बघ. हा मेलेला रंग. हा निघाला की खाली जिवंत आहे.”

“खांद्याचं काय करणार आहात?” आई दारातून म्हणाली. तिच्या कडेवर माझी लेक होती. “मी पाठीला तेल चोळा म्हटलं की तुमचा हात दुखतो. तीस वर्षं ऐकतेय.”

“तुझी पाठ दर वर्षी तपासणीला न्यावी लागत नाही.”

“नेली असती तर कधीच नापास झाली असती,” असं म्हणून आई आत गेली.

माझे बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांना सगळे मास्तरच म्हणतात, दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत, कारण दोघेही त्यांच्याकडेच शिकले. गाडी एकच, सव्वीस वर्षांची. नवीन माणूस आला की बाबा त्याला आधी गाडीभोवती एक फेरी मारायला लावतात आणि सांगतात, “ही आजवर कुणाला लागली नाही आणि हिला कुणी लागलं नाही. तू पहिला होऊ नकोस.” बस्स, पहिला धडा एवढाच. मीही तो ऐकला आहे. मी मुलगी म्हणून एक शब्द कमी झाला नव्हता.

गाडी लाल होती. पण सव्वीस वर्षं उन्हात उभी राहून टप आणि बॉनेट पांढुरके पडले होते, बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी यायची. शिकायला आलेली पोरं तिला टेकून उभी राहायची आणि घरी गेली की त्यांच्या आया पँटीची मागची बाजू बघून म्हणायच्या, मास्तरांकडे गेला होतास वाटतं. बाबांनाही या विनोदाचं हसू यायचं. मागच्या वर्षी तपासणीचे साहेब तोच विनोद करून गप्प बसले नाहीत. म्हणाले, “मास्तर, ही गाडी आहे की खडू? पुढच्या वर्षी अशीच आणलीत तर यादीतून नाव काढीन.” यादीत नाव नसलं की त्या गाडीवर शिकवता येत नाही. दुसरी गाडी घ्यायची बाबांची ऐपत नव्हती. नवा रंग मारून घ्यायचीही नव्हती. रंगवाल्याने खर्च सांगितला तेव्हा बाबा हसले, आणि आपण कुणाला सांगतोय हे आठवून रंगवालाही हसला.

“असं करा,” तो म्हणाला, “हातानं काढा. साबणानं धुवा, मग ही पेस्ट, मग मेण. गाडी सावलीत घ्या, पत्रा गार पाहिजे. कडांना चिकटपट्टी लावा, तिथं रंग पातळ असतो. आणि कुठं थांबायचं ते बघा, मास्तर. कांद्यासारखं आहे हे. सोलत बसलात तर शेवटी हातात काही राहत नाही, नुसतं डोळ्यांत पाणी.”

नवऱ्याची बदली झालेल्या गावी घर मिळेपर्यंत मी लेकीला घेऊन आईबाबांकडे राहत होते. त्यामुळे मदतीला मी. लेक झोपली की मी दारांवर हात चालवायचे, ती रडली की फडकं टाकून आत पळायचे. बाबांकडे टप आणि बॉनेट. आम्ही फारसं बोलत नसू. एकदा मात्र ते म्हणाले, “तू लहान असताना झोपायचीच नाहीस. रात्री मागच्या सीटवर टाकून दोन चकरा मारल्या की झोपायचीस. इंजिन बंद केलं की पुन्हा जागी.” आणि जरा थांबून, “पेट्रोल स्वस्त होतं तेव्हा.”

सहाव्या दिवशी सगळी गाडी लाल झाली. नवी नव्हे, पण लाल. ओल्या फडक्याने पुसलं की दारात समोरच्या घराची खिडकी दिसायची. शेजारचे काका दोनदा येऊन हात लावून गेले. राहिला होता फक्त बॉनेटवरचा एल. शिकाऊ गाडीचा तो एल म्हणजे तळहाताएवढं स्टिकर. उन्हाने त्याला भेगा पडल्या होत्या, नवं लावायचंच होतं. बाबांनी गरम पाण्याचं फडकं धरून, नखाने हळूहळू सोलून तो काढला.

खालचा रंग बघून आम्ही दोघंही पुढे वाकलो.

अख्ख्या बॉनेटच्या मध्यभागी दुसराच लाल होता. गडद, ओला वाटावा असा. एलखालच्या त्या रंगाने ऊन बघितलंच नव्हतं. आमची सहा दिवसांची मेहनत त्याच्या शेजारी धुवट दिसायला लागली.

“अशी होती ती,” बाबा म्हणाले. “आणली तेव्हा तू पोटात होतीस. तुझी आई पुढं बसायला तयार नव्हती. म्हणाली, एवढ्या लाल गाडीत बसले तर लोक बघतील.”

संध्याकाळी रंगवाला येऊन बघून गेला. गाडीभोवती फिरला, बॉनेटवर वाकून तिरकं बघितलं. “झालं, मास्तर. आता मेण लावा आणि हात धुवा.”

“एल दिसतोय.”

“दिसणारच. तो सावलीत होता. बाकीची गाडी राबली, तो बसून होता. त्याच्याशी बरोबरी कशाला करता? त्याच्यावर नवा एल येणारच आहे.”

“हो, ते खरंय,” बाबा म्हणाले. मलाही वाटलं, पटलं त्यांना.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी लेकीला आंघोळ घालून, दूध पाजून मी बाहेर आले, तेव्हा बाबा बॉनेटवर वाकलेले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. एलच्या भोवतीची जागा एलइतकी लाल करायला निघाले होते. मी जवळ गेले आणि आधी फडक्याकडे बघितलं. ते लाल नव्हतं, करडं होतं.

“बाबा, थांबा.”

ते थांबले. हात उचलला. एलभोवती बशीएवढ्या जागेत रंग उडून खालचं करडं अस्तर उघडं पडलं होतं, आणि त्याच्या मधोमध तो एल, जसाच्या तसा, लालभडक.

“येत होता,” बाबा म्हणाले. “तू बघायला पाहिजे होतंस. मघाशी येत होता तो रंग. अजून थोडाच राहिला होता.”

रंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ठिगळ मारून देईन, पण जुन्या लालशी नवा लाल जुळवायला, वाळायला दोन दिवस तरी लागतील, उद्या सकाळपर्यंत देवालाही जमणार नाही. मग मी म्हटलं, “बाबा, मोठा एल लावू या. बशीपेक्षा मोठा. सगळं झाकलं जाईल.”

“लपवायचं?”

“लपवायचं काय त्यात? एल लावायचाच आहे ना?”

त्यांनी मनगट चोळत माझ्याकडे बघितलं. ते सुजलं होतं. मग म्हणाले, “बघ बाई, तुला योग्य वाटेल ते.” वाद न घालता माझं ऐकलं म्हणून मला बरं वाटलं होतं. मी लेकीला आईकडे देऊन स्वतः दुकानात गेले आणि ताटलीएवढा एल कापून आणला.

बाबांच्या मनगटामुळे दुसऱ्या दिवशी गाडी मी चालवली. आई लेकीला घेऊन मागे बसली, कारण लेकीला माझ्यावाचून दोन तास निघत नव्हते.

साहेब भले माणूस होते. त्यांनी टपावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. स्वच्छ होतं. “कुणाकडे दिली होती, मास्तर?”

“घरीच केलं.”

“मशीन आणलं होतं?”

“हातानं.”

साहेबांनी आतल्या कारकुनाला हाक मारली. “अहो, इकडे या, बघा जरा. मास्तरांनी हातानं केलंय.” कारकून आला, वाकून दारात स्वतःचा चेहरा बघितला, केस नीट केले. सगळे हसले. बाबाही. एवढं मोकळं हसताना मी त्यांना बऱ्याच दिवसांनी बघत होते. बाकावर बसलेल्या आईने लेकीचा हात धरून टाळी वाजवली.

मग साहेब बॉनेटपाशी आले. “हा एल केवढा लावलात? मापाचा लावा. हा काढून टाका.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःच नखाने कड उचलली आणि स्टिकर सोलून काढलं.

साहेबांनी वाकून त्या करड्या जागेवर बोट फिरवलं. “इथं काय ठोकलं होतं?”

“ठोकलं नाही. जास्त घासलं गेलं.”

“हातानं?”

“हो.”

“आणि वर एवढं स्टिकर?”

मी पुढे झाले. “साहेब, स्टिकरचं मी म्हटलं होतं. त्यांचं नव्हतं मनात.”

“बाई, कुणी म्हटलं हा प्रश्नच नाही.” साहेबांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी फॉर्म टपावर ठेवला, बाबांना बाजूला घेतलं. “हे बघा मास्तर. कारण नसलेला डाग, आणि त्याच्यावर झाकण. हे मी असंच पास केलं तर उद्या माझी मान अडकते. पण फॉर्मात सोय आहे. किरकोळ अपघात झाला होता, दुरुस्ती चालू आहे, असं लिहा आणि सही करा. एक ओळ. मी आत्ता पास करतो, तुम्ही महिन्याभरात रंग करून घ्या.”

बाबांनी पेन घेतलं. फॉर्म डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

“इथं विचारलंय, कुणाच्या हातून झाला.”

“घाला कुठल्यातरी शिकाऊचं नाव. कोण बघतंय.”

बाबा पेन धरून तसेच उभे राहिले. मला वाटतं, ते खरंच एकेक नाव आठवत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, “बाबा, माझं घाला. मीही शिकाऊच होते.”

“तू कुठं ठोकलीस?” ते म्हणाले. अगदी साधेपणाने, खरोखरच माहिती विचारावी तसं. मग पेनाला टोपण लावून साहेबांच्या हातात दिलं. “नाही झाला, साहेब. सव्वीस वर्षांत एकाही पोरानं हिला ओरखडा काढला नाही. हा मी काढलाय. ते लिहायला जागा असली तर सांगा, लिहितो.”

तशी जागा नव्हती. साहेबांनी आणखी एकदा समजावलं, मग मान हलवली आणि यादीतल्या नावावर पट्टी धरून रेघ ओढली.

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. नाव कमी झालं की गाडी घरगुती होते, आणि घरगुती गाडीत तो ठेवता येत नाही. तिथल्याच मेकॅनिकला बोलावलं. तो डाव्या दारातून अर्धा आत जाऊन उताणा झोपला. बोल्ट गंजले होते, बराच वेळ खटपट चालली. लेक माझ्या खांद्यावरून त्याचे बाहेर आलेले पाय बघत होती. आई बाबांच्या सुजलेल्या मनगटाला रुमाल ओला करून बांधत राहिली.

मेकॅनिकने ब्रेक कागदात गुंडाळून दिला. “जपून धरा, ग्रीस आहे,” म्हणाला. बाबांनी त्याचे पैसे विचारले. त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि हात पुसत निघून गेला.

परत येताना बाबा पुढेच बसले, डावीकडे, नेहमीच्या जागी. पुडकं मांडीवर. उतारावरून चौकाकडे येताना बोळातून एक सायकलवाला अचानक समोर आला. बाबांचा उजवा पाय पुढे गेला आणि उघड्या पत्र्यावर टेकला.

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. सायकलवाला हात दाखवून हळूहळू समोरून निघाला, आणि तो पलीकडे पोचेपर्यंत बाबांनी पाय तसाच दाबून धरला.